वाडा पाडण्याआधी : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

वडिलोपार्जित घराची छायाचित्रे काढून ठेवण्याविषयी मराठवाड्याच्या निरनिराळ्या भागांतून आलेली पत्रे या वेळच्या सदरासाठी एकत्र घेतली आहेत. घराच्या वाटण्या, कुलपे आणि किमती हे गावात चघळले जाणारे विषय असल्यामुळे पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत, फक्त गाव किंवा तालुका दिला आहे.

प्रश्न : आमचा वाडा पणजोबांनी बांधलेला. दिवाळीनंतर तो पाडून तेथे नवीन बांधकाम होणार आहे आणि ते थांबावे असे आमच्यापैकी कोणालाही वाटत नाही, कारण माळवदाचे छत गळते, दोन तुळयांना वाळवी लागली आहे आणि वाड्यात एकटे मोठे काका राहतात. मागच्या भेटीत मोबाइलवर पुष्कळ फोटो काढले, परंतु परत आल्यावर मुलांना कोणती खोली कोठे आहे हेच समजेना. नीट सुरुवात कोठून करावी? (अंबाजोगाई)

उत्तर : सुरुवात मोबाइलपासून न करता कागदापासून करावी. काकांना शेजारी बसवून वाड्याचा कच्चा नकाशा काढावा. तो प्रमाणात नसला तरी चालेल, पण दाराजवळच्या ढाळजेतून चौकात, चौकातून ओसरीवर, ओसरीवरून माजघरात आणि तेथून देवघराकडे, स्वयंपाकघराकडे व परसात कसे जाता येते ते त्यात दिसले पाहिजे. प्रत्येक खोलीला घरात जे नाव चालत आले आहे तेच लिहावे. ‘बैठक’ आणि ‘शयनगृह’ असली नावे जुन्या वाड्याला चिकटवू नयेत; ‘अंधारी खोली’, ‘बाळंतिणीची खोली’, ‘आत्याची माडी’ या नावांतच निम्मी हकिकत असते. आपल्याकडे घर खणांत, म्हणजे दोन खांबांमधल्या अंतरात, मोजतात, त्यामुळे कोणती खोली किती खणांची आहे हे काका न मोजता सांगतील. तेही नोंदवून मग टेपने लांबी-रुंदी घ्यावी. नंतर खोल्यांना क्रमांक द्यावेत.

छायाचित्रे काढताना शाळेतली एक पाटी जवळ ठेवावी. खोलीत शिरल्यावर पाटीवर खडूने खोलीचा क्रमांक, तारीख आणि आपण कोणत्या दिशेला तोंड करून उभे आहोत ते लिहून पहिला फोटो त्या पाटीचाच काढावा. मुलांचा जो घोळ झाला तो एवढ्याने टळतो. मग खोलीच्या चारही कोपऱ्यांतून एकेक, त्यानंतर जमिनीचा आणि शेवटी वरच्या कडीपाटाचा फोटो घ्यावा. माळवदाची घरे पाडली की सर्वांत आधी छत नाहीसे होते आणि फोटोंत नेमके तेच कधी आलेले नसते, कारण वर मान करून फोटो काढण्याचे कोणाला सुचत नाही.

मोबाइलविषयी थोडेसेच सांगतो. जागा अपुरी पडते म्हणून आपण ०.५चे रुंद भिंग वापरतो आणि कडेचे खांब वाकडे होतात. ते एखाद्या फोटोपुरते वापरावे, नोंदीसाठी १ हेच भिंग ठेवावे आणि बसत नसेल तर दोन फोटो घ्यावेत. पडद्यावरच्या जाळीच्या रेषा चालू करून खांब त्या उभ्या रेषेला समांतर धरावा. फ्लॅश बंद ठेवावा, कारण तो लाकडाची नक्षी सपाट करतो आणि सारवलेल्या भिंतीवर पांढरा डाग पाडतो. कोणत्याही बारकाव्याचा फोटो घेताना शेजारी शाळेची पट्टी ठेवली तर पुढे माप कळते.

आता मुख्य गोष्ट. नक्षीदार खांब, गणेशपट्टी आणि पितळी कडी यांचे फोटो सगळेच काढतात आणि ते काढावेतच, पण तेवढ्यावर थांबले तर पणजोबांच्या वाड्याचा फोटो आणि विक्रीच्या जाहिरातीतला फोटो यांत फरक राहत नाही. चार पिढ्यांच्या वहिवाटीने घरावर ज्या खुणा उमटल्या आहेत त्या शोधाव्यात. उदाहरणार्थ, मुख्य दाराचा उंबरठा जवळून पाहावा. तो सहसा बरोबर मधोमध झिजलेला नसतो. दोन फळ्यांपैकी रोज एकच उघडली जात असे, त्यामुळे झिजेचा खोलगट भाग त्या बाजूला सरकलेला असतो आणि दुसऱ्या टोकाला लाकडाची मूळची उंची व धार शाबूत असते. हे दिसण्यासाठी मोबाइल जवळजवळ जमिनीला टेकवावा आणि ऊन दारातून तिरपे येईल अशी सकाळची किंवा सायंकाळची वेळ निवडावी. भर दुपारी तोच उंबरठा सपाट दिसतो. ओसरीच्या भिंतीवर पाठ टेकून बसणाऱ्यांच्या डोक्याच्या तेलाचा पट्टा, दिवळीच्या वरच्या कडेला धरलेली काजळी, जाते जेथे मांडलेले असे तेथली जमिनीवरची गोल खूण, कडीपाटातली पाळण्याची कडी, बळदाच्या तोंडाशी धान्य काढताना गुळगुळीत झालेला कठडा, या सगळ्यांचे असे फोटो घ्यावेत आणि काकांकडून कोण कोठे बसत असे ते लिहून घ्यावे.

मराठवाडा ज्यात होता त्या हैदराबाद संस्थानात छायाचित्रकला काही कमी नव्हती. सहाव्या निजामाच्या दरबाराचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी महाल, शिकारीचे प्रसंग आणि वेरूळची लेणी टिपली. पण दरबारी कॅमेरा आपल्या पणजोबांच्या ढाळजेत येण्याचे कारण नव्हते, आणि त्यानंतरही स्टुडिओवाला वाड्यात आला तो लग्नामुंजीपुरता. त्यामुळे मराठवाड्यातल्या बहुतेक घरांची ही नोंद घरच्या माणसांनीच करायची आहे.

पाडकाम सुरू झाल्यावरही एखाद्या दिवशी तेथे जाऊन यावे. भिंत उघडी पडली की आतले भेंडे, दगड, मातीचे थर, माळवदावर वर्षानुवर्षे चढवलेली पांढरी माती हे सारे एकदाच दिसते. अर्थात हे फोटो सुरक्षित अंतरावरून आणि मजुरांचे काम अडणार नाही अशा बेताने घ्यावेत.

प्रश्न : आमच्या ओसरीवर सासरकडच्या तीन पिढ्यांच्या तसबिरी आहेत, पण त्या सगळ्या पुरुषांच्या. सासूबाई ऐंशीच्या पुढे आहेत आणि या घरात त्यांनी साठाहून अधिक वर्षे काढली आहेत, तरी ‘माझा फोटो कशाला’ म्हणून त्या बाजूला होतात. नणंदेची आणि माझी इच्छा आहे की या घराच्या नोंदीत त्या असाव्यात. (सेलू)

उत्तर : त्यांना खुर्चीवर बसवून फोटो काढण्याचा आग्रह सोडून द्यावा. त्याऐवजी मोबाइलवर आवाज नोंदवण्याची सोय चालू करून त्यांच्याबरोबर घरातून हळूहळू फिरावे आणि त्या जेथे थांबतील, ज्या वस्तूवर हात ठेवतील तेवढ्याचाच फोटो घ्यावा. चेहरा नको असेल तर चेहरा घेऊ नये. उखळाच्या काठावर टेकलेला त्यांचा हात हाही त्यांचाच फोटो आहे. आवाजाची फाइल आणि फोटो यांना सारखाच क्रमांक द्यावा, म्हणजे पुढे नातवंडांना कोणते बोलणे कोणत्या जागेचे ते कळेल.

बायकांचा वावर असलेल्या खोल्यांचे फोटो जुन्या संग्रहांत सापडत नाहीत याची दोन कारणे आहेत. परक्या माणसाने माजघरात जायचे नाही हा रिवाज एक, आणि तेथे उजेड नसे हे दुसरे. रिवाज आपल्या बाबतीत आड येत नाही, आणि उजेडाची सोय करता येते. चौकात ऊन डोक्यावर आले की माजघराच्या दारासमोर जमिनीवर पांढरी चादर किंवा धुतलेले धोतर पसरावे. त्यावरून परतलेला उजेड आत छतापर्यंत पोचतो आणि तो कोणत्याही दिव्यापेक्षा मऊ असतो. मोबाइल मात्र स्टँडवर किंवा डब्यांच्या उतरंडीला टेकवून स्थिर ठेवावा, कारण अंधारात तो फोटोला जास्त वेळ घेतो.

एक सुचवावेसे वाटते. आपल्याकडे भाद्रपदात महालक्ष्म्या बसत असतील, तर आवाहनाच्या दिवशीचा सगळा क्रम टिपावा. हळदी-कुंकवाची पावले काढत मुखवटे उंबरठ्यापासून आत आणले जातात, त्यांना धान्य, स्वयंपाकघर, तिजोरी, गोठा दाखवला जातो आणि मग मखरात बसवले जाते. घरातली बाई घराकडे कोणत्या क्रमाने पाहते, कोणती जागा महत्त्वाची मानते, हे त्या वाटेवरून समजते. शिवाय माहेरवाशिणी, जावा, सुना सगळ्या त्या तीन दिवसांत एका छपराखाली असतात आणि सासूबाईंचे लक्ष फोटोकडे नसते.

प्रश्न : १९९३च्या भूकंपात आमचे घर गेले तेव्हा मी शाळेत होते. त्या घराचा एकही फोटो आमच्याजवळ नाही. आई आता थकली आहे, पण तिला कोनाडा न् कोनाडा आठवतो. आम्ही पुनर्वसनाच्या गावात राहतो. जे घर उरलेच नाही त्याची नोंद कशी करायची? (लोहारा तालुका)

उत्तर : हा प्रश्न या वेळच्या सर्व पत्रांत अवघड आहे, म्हणून त्याला जास्त जागा देतो.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे चारच्या सुमारास, आदल्या दिवशी गणपती विसर्जन करून दमलेली माणसे झोपेत असताना, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावे कोसळली. दगड आणि मातीत रचलेल्या रुंद भिंती आणि वर दर काही वर्षांनी थर चढत गेलेले जड माळवद, या बांधणीने आत झोपलेल्यांना वेळच दिला नाही. जेथे खणांचा लाकडी सांगाडा भक्कम होता तेथे काही ठिकाणी भिंती ढासळूनही खांब-तुळया उभ्या राहिल्याची उदाहरणे आहेत. हे येथे सांगण्याचे कारण असे की आईला घर आठवते ते कदाचित भिंतींनी नव्हे, तर खांबांनी. तेव्हा नकाशा काढताना ‘खोली केवढी होती’ असे न विचारता ‘खांब किती होते, कोणत्या खांबाला काय टांगलेले असे’ असे विचारावे.

आईबरोबर एक नकाशा काढावा, आणि मावशी, चुलते, मोठे भाऊ, शेजारी यांच्याबरोबर स्वतंत्र नकाशे काढावेत, तेही एकमेकांना न दाखवता. ते जुळणार नाहीत. आड कोणी डावीकडे दाखवील, कोणी उजवीकडे. त्यांतला खरा कोणता हे ठरवायच्या भानगडीत न पडता सगळे जपून ठेवावेत आणि प्रत्येकावर सांगणाऱ्याचे नाव व भूकंपाच्या वेळचे वय लिहावे. प्रत्येक नकाशाचा, आणि तो काढताना कागदावर फिरणाऱ्या बोटाचा, फोटो घ्यावा. आपल्या घराची छायाचित्रे म्हणून यापासून सुरुवात करायला काहीच हरकत नाही.

मग लेकीबाळींकडे चौकशी करावी. आपल्या घरातल्या ज्या आत्या भूकंपाच्या पट्ट्याबाहेरच्या गावांत दिल्या होत्या त्यांचे अल्बम शाबूत असतात, आणि त्यांच्या लग्नाचे फोटो बहुधा माहेरच्या अंगणातच काढलेले असतात. वधूवरांकडे न पाहता त्यांच्या मागे पाहावे. एखादे दार, ओट्याची कड, भिंतीवरचा रंगवलेला पट्टा मिळतो. तेवढा भाग मोठा करून आईला दाखवावा. कोणत्या खोलीचे दार ते तिला कळेल. तिला त्रास होत असेल तर तेथेच थांबावे, राहिलेले पुन्हा कधी पाहावे.

जुन्या गावठाणात जाऊन यायला आई तयार असेल तरच जावे. तेथे बाभळी माजल्या असतील, जोती बुजली असतील. ती जेथे उभी राहून ‘येथे आपला उंबरा’ म्हणेल तेथे मोबाइलमधील ठिकाण नोंदवण्याची सोय चालू करून चारही दिशांना तोंड करून फोटो घ्यावेत.

आणि सध्याच्या घराला कमी लेखू नये. भूकंपानंतर ५२ गावे नव्या जागी वसवली गेली आणि कुटुंबांना जमीनधारणेप्रमाणे २५०, ४०० किंवा ७५० चौरस फुटांची घरे ठरलेल्या आराखड्यानुसार मिळाली. म्हणजे मूळ सांगाडा शेजाऱ्यासारखाच होता. त्यानंतर पुढे काढलेला ओटा, बंद करून घेतलेला व्हरांडा, मागे वाढवलेली चूल-खोली, तुळशीवृंदावन, ढिगाऱ्यातून काढून आणलेली एखादी जुनी चौकट किंवा कडी, हे सगळे आपले आहे. मूळ मिळालेले घर एका रंगात आणि आपण जोडलेले भाग दुसऱ्या रंगात दाखवणारा नकाशा करून त्याप्रमाणे फोटो घ्यावेत. आपली मुले याच घरात जन्मली आहेत, त्यांच्या लेखी वडिलोपार्जित घर हेच. जायकवाडीच्या पाण्यामुळे उठलेल्या गावांतील वाचकांनाही यातले बरेच उपयोगी पडेल.

प्रश्न : आम्ही ऊसतोड करतो. घर दोन खोल्यांचे, वर पत्रे. मुलगा बारावीला आहे, त्याला घराचे फोटो काढून वही करायची आहे. वाड्यांविषयी सगळे लिहितात, आमच्या घरात फोटो काढण्यासारखे काय आहे? (शिरूर कासार तालुका)

उत्तर : वाड्यापेक्षा आपल्या घराची नोंद एका बाबतीत सोपी आणि जास्त नेमकी होईल, कारण त्याची प्रत्येक भिंत कोणत्या वर्षीच्या हंगामात उभी राहिली हे आपल्याला पाठ असेल. कोणत्या सालच्या उचलीतून पाया भरला, पत्रे कधी आले, फरशी कधी बसली, दुसरी खोली कोणाच्या लग्नाआधी काढली, हे मुलाने आपल्याला विचारावे आणि प्रत्येक भागाच्या फोटोखाली ते साल लिहावे. आजी-आजोबा ‘बहात्तरच्या दुष्काळाआधी’, ‘दुष्काळानंतर’ अशी खूण सांगत असतील तर तीही तशीच लिहावी.

दुसरे म्हणजे, हे घर वर्षातले पाच-सहा महिने बंद असते किंवा म्हाताऱ्या माणसांवर सोपवलेले असते. दसरा-दिवाळीनंतर निघण्याच्या आदल्या दिवशीचे घर, गुंडाळलेली अंथरुणे, काय बरोबर घेतले आणि काय उतरंडीत ठेवून दिले, दाराला कुलूप, आणि परतल्यावर तेच दार उघडताना आतली धूळ, असे फोटो वाड्यात राहणाऱ्यांना मिळणार नाहीत. कारखान्याच्या फडाजवळची कोपीही (झोपडी) वहीत घ्यावी. हंगामापुरती का होईना, त्यातही पिढ्या राहिल्या आहेत, आणि ती मोडल्यावर तिची काही खूण राहत नाही.

मुलाचे अभिनंदन. त्याला या सदरात आपली वही दाखवायची असेल तर जरूर पाठवावी.

प्रश्न : आजोबांचा फ्रेममधला फोटो काचेला चिकटला आहे. शिवाय १९८०-९०च्या सुमारास घेतलेल्या, वर प्लॅस्टिक असलेल्या चिकट पानांच्या अल्बममधले फोटो निघत नाहीत. स्टुडिओचे शिक्के असलेले जुने फोटो कुटुंबाच्या स्मरणिकेत छापायचे आहेत, त्याला परवानगी लागते का? (वसमत)

उत्तर : काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नये, छायाचित्राचा वरचा थर जिलेटिनचा असतो, ओल लागली की तो काचेला धरतो आणि ओढल्यास चेहराच काचेवर राहतो. फ्रेमची पाठ उघडून काच आणि फोटो एकत्रच स्कॅनरवर ठेवून ६०० डीपीआयला, आकार लहान असेल तर १२००ला स्कॅन करावे. अल्बमची पाने आधी आहेत तशीच, पूर्ण पानाचा फोटो घेऊन नोंदवावीत, कारण कोणता फोटो कोणाच्या शेजारी लावला होता हेही सांगण्यासारखे असते. मग दात साफ करण्याचा, मेण नसलेला बारीक धागा फोटोच्या मागून करवतीसारखा हळूहळू ओढून पाहावा. सैल होत नसेल तर सोडून द्यावे. सुटे झालेले फोटो पुन्हा पीव्हीसीच्या पाकिटांत भरू नयेत. आम्लमुक्त कागदी पाकिटे बरी.

परवानगीविषयी थोडक्यात : १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार पैसे देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, उलट करार नसल्यास, ते काढून घेणारा असतो, आणि प्रसिद्ध झालेल्या छायाचित्राचा हक्क २०१२च्या दुरुस्तीपर्यंत प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकत असे; आता ही ६० वर्षे छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून मोजतात. आजोबांनी पैसे देऊन काढवलेला फोटो घरच्या स्मरणिकेत छापायला सहसा अडचण येत नाही. स्टुडिओचे नाव मात्र फोटोखाली जरूर द्यावे, त्या शिक्क्यावरून पुढे काळही ठरवता येतो.

प्रश्न : पणजोबांच्या एका फोटोच्या मागे उर्दूत मजकूर आहे. ओळखीच्या एका गुरुजींनी तो वाचून ‘आजूर १३५० फसली, नवे माडीघर’ असे सांगितले. म्हणजे नेमके कधीचे? (कंधार)

उत्तर : हैदराबाद संस्थानचे फसली वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला आजूर महिन्याने सुरू होत असे. त्यामुळे आजूरपासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेत ५९० आणि जानेवारीपासून पुढच्या तारखेत ५९१ मिळवले की इसवी सन मिळतो. आजूर १३५० म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबर १९४०. माडी त्यापूर्वी नुकतीच झाली असावी.

मराठी घरात उर्दू मजकूर कसा, असे नव्या पिढीला वाटते; पण १९४८पर्यंत संस्थानचा कारभार आणि वरचे शिक्षण उर्दूत होते आणि लिहिता-वाचता येणारे पुष्कळ लोक कामापुरते उर्दूतच लिहीत. म्हणून जुना फोटो स्कॅन करताना पाठ विसरू नये, ती कोरी असली तरी. घराची खरेदीखते, मोडीतले कागद आणि फसली सनाच्या पावत्या असतील तर त्यांचेही फोटो घराच्या त्याच वहीत, संबंधित खोलीच्या फोटोशेजारी ठेवावेत. आपल्याकडे तर आता सोपे काम उरले आहे : तीच माडी उभी असेल तर १९४०च्या फोटोतली जागा शोधून, त्याच ठिकाणी उभे राहून, साधारण त्याच वेळच्या उन्हात आजचा फोटो घ्यावा. कोन जुळवण्यासाठी जुन्या फोटोत एकमेकांच्या आड आलेल्या दोन गोष्टी, जसे की खांब आणि मागचे दार, पाहाव्यात आणि त्या तशाच आड येईपर्यंत मागेपुढे सरकावे.

प्रश्न : वाड्याची वाटणी होऊन चौकाच्या मधून भिंत घातली आहे. माझ्या वाट्याचे फोटो मी काढले, पण थोरले बंधू त्यांच्या भागात येऊ देत नाहीत. त्यांना वाटते मी कोर्टात वापरीन. (पैठण)

उत्तर : बंधूंची शंका अगदीच निराधार म्हणता येत नाही, कारण वादात असे फोटो पुढे केले जातात. मालकीचा निवाडा कागदपत्रांवर होतो हे खरे असले तरी कोणी काय पाडले, काय वाढवले यासाठी फोटोंचा आधार घेतला जातो. तेव्हा आपण आधी आपल्या भागाच्या फोटोंचा संच छापून वहिनींच्या हाती द्यावा आणि त्यांच्या भागाचे फोटो त्यांच्याच मुलाने काढावेत, मूळ फाइली त्यांच्याकडेच राहाव्यात, असे सुचवावे. हवे तर दोन ओळींचे लिहून द्यावे की हे फोटो घरगुती संग्रहासाठीच आहेत. काकांपेक्षा पुतण्यांनी हे काम हाती घेतले तर भिंतीपलीकडची दारे लवकर उघडतात, असा एकंदर अनुभव आहे.

मधली भिंत चौकटीबाहेर ठेवण्याचा मोह होईल, तो टाळावा. ती या घरात घडलेली गोष्ट आहे आणि तिच्या विटांवरून, तिने अर्ध्यात कापलेल्या तुळशीच्या ओट्यावरून वाटणी कशी झाली ते दिसते. हे फोटो समाजमाध्यमांवर मात्र टाकू नयेत. भावाचा मान हा एक भाग झाला, पण देवघरातली चांदी, तिजोरीची जागा आणि मागच्या दाराची कडी सगळ्या गावाला दाखवण्याचेही कारण नाही.

प्रश्न : गावच्या घराचे भरपूर फोटो काढले आहेत. भावंडांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ते सगळे आहेतच, मग वेगळे जपण्याची गरज आहे का? (मूळ गाव मुखेड, सध्या पुणे)

उत्तर : आहे. ग्रुपवर फोटो म्हणून पाठवलेली फाइल लहान होऊन जाते आणि तिच्यासोबतची तारीख, ठिकाण वगैरे माहितीही गळून पडते. पाठवायचेच तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे. मूळ फाइलींच्या तीन प्रती असाव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या गावी, म्हणजे आपली एक पुण्यात आणि एक मुखेडला किंवा बहिणीकडे. फाइलीला साल-महिना-दिवस आणि खोलीचा क्रमांक असे नाव द्यावे, म्हणजे त्या आपोआप क्रमाने लागतात.

यांतले निवडक फोटो रंग टिकाऊ राहतील अशा शाईने छापून घ्यावेत आणि मागे मऊ पेन्सिलीने, न दाबता, माणसांची पूर्ण नावे, नाते, जागा आणि तारीख लिहावी. बॉलपेनची निब पुढच्या बाजूला उमटते. ‘दादा आणि काकू, ओसरी’ एवढे लिहून भागत नाही, कारण प्रत्येक पिढीत एक दादा आणि एक काकू असतात. नावे माहीत असलेले सर्वांत वयस्क माणूस कोण आहे ते पाहून त्यांच्याकडे हे छापील फोटो आधी न्यावेत आणि लिहिण्याचे काम त्यांच्यासमोर बसूनच संपवावे.